‘कीप’चं पान

पुरवणी : थांबवा! फोरमनकाका, मशीन सुरू नाही ना केलंत? नाही ना? आत्या, ते पान दे इकडे. दे आधी!

फोरमन : अगं पोरी, जिना आहे तो, शर्यतीचं मैदान नाही. दम खा जरा. मशीन सुरू करायला पान हातात नको का पडायला? पाऊण तास झाला मी या स्टुलावर बसलोय. तुझी आत्या पान सोडेल तर शपथ.

आत्या : सोडणार आहे. चौदाव्या अर्थाला वाक्य मिळालं की लगेच सोडणार.

फोरमन : बाई, चार वाजता मशीन प्रश्नपत्रिकांना द्यायचंय. एकदा त्या आत गेल्या की पंधरा दिवस दाराला कुलूप आणि बाहेर पहारा. मला, फोरमनला, नाव विचारून आत सोडतात! सोळा पानांचा फर्मा बांधून ठेवलाय. पंधरा पानं पक्की आहेत. एक हे, तुमच्या हातातलं.

आत्या : कळलं, कळलं. आणि तू गं? सकाळी सातला न सांगता गेलीस ती आत्ता उगवतेस. डबा तसाच पडलाय.

पुरवणी : मोठ्या ग्रंथालयात होते. अकरा इंग्रजी कोश काढायला लावले त्यांना, अकरा! ग्रंथपालबाईंचे हात भरून आले. आत्या, आपल्या कोशात ‘कीप’चं मूळ चुकलंय.

आत्या : काहीतरीच. मूळ मी स्वतः लिहिलंय.

पुरवणी : तेच म्हणतेय! आपण काय छापतोय? ‘टक लावून पाहणे या अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून आला आहे.’ आला आहे! ठणठणीत! अकरा कोशांतला एकही असं ठणकावून सांगत नाही. कोणी म्हणतो, कदाचित असेल. कोणी म्हणतो, पुरावा नाही. आणि बाकीचे सरळ लिहून मोकळे, की मूळ अज्ञात. तू ‘कदाचित’ कुठे ठेवलास?

आत्या : जागा पुरत नव्हती.

पुरवणी : आत्या!

आत्या : बरं, जागा होती.

पुरवणी : आणि खरी मजा तर पुढेच आहे. ऐका, काका, तुम्हीपण ऐका. इंग्रजीला सख्ख्या-चुलत भाषा किती आहेत! जर्मन आहे, डच आहे. बहुतेक साध्या शब्दांची भावंडं तिकडे सापडतात. याचा खात्रीचा एकही नातलग नाही. हजार वर्षांमागे जा, कागदावर नावनिशाणी नाही. आणि मग एकदम, एकदम हां, लिहिणाऱ्यांच्या हातात येतो. तोही रांगत नाही. चांगला चालता-बोलता, अर्थांचं गाठोडं पाठीवर घेऊन! पकडणे, वाट पाहणे, पर्वा करणे, डोळ्यात तेल घालून राखणे...

फोरमन : मग त्याआधी होता कुठे?

पुरवणी : तोंडात! साध्या माणसांच्या तोंडात असणार, काका. लिहिणाऱ्यांनी त्याला कधी विचारलंच नसेल. एका कोशात असं चक्क लिहिलंय, बहुधा बोलणाऱ्यांच्यातलाच असावा म्हणून. मी तिथे मोठ्याने ओरडले. दहा मिनिटं बाहेर काढलं मला.

फोरमन : म्हणजे मागच्या दाराने आला आणि घर ताब्यात घेतलं. भले! पण बाई, एवढासा तो शब्द, त्याला अख्खं पान कशाला हो? खिळे जुळवून जुळवून माझ्या जुळाऱ्याची बोटं काळी झाली त्याच्यापायी.

आत्या : सव्वीस अर्थ आहेत त्याला, फोरमन. आणि एकही फुकटचा नाही. या खोलीतला नियम तुम्हाला ठाऊक आहे. अर्थ तिथे वाक्य, आणि वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं. कोण बोललं, कुठे बोललं, कोणी ऐकलं, सगळं कार्डावर. दुसऱ्या पुस्तकातून उचललेलं वाक्य इथे चालत नाही.

पुरवणी : घड्याळवाले आजोबा आठवतात, काका? कोपऱ्यावरचे? ते घड्याळ कानाला लावून म्हणायचे, ‘कीप्स गुड टाइम.’ तो सहावा अर्थ. वेळ बरोबर दाखवणे. नव्या डॉक्टरीणबाईंनी दुधाच्या दुकानात विचारलं, ‘विल इट कीप?’ म्हणजे टिकेल का. तो नववा. खेळाचे मास्तर शिट्टी तोंडात धरूनच ओरडायचे, ‘कीप गोइंग!’ तो एकविसावा.

आत्या : शिट्टीमुळे ते वाक्य तीनदा तपासावं लागलं होतं.

पुरवणी : आणि पाळणे! शब्द पाळणे, कोंबड्या पाळणे, इंग्रजीत दोन्हीला कीप, आपल्याकडे दोन्हीला पाळणे. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना तीच गोष्ट सुचावी? मला तर वेडच लागायचं बाकी आहे.

फोरमन : लागलंय. बाकी काही नाही. आणि माझं वाक्य? माझं घातलंत ना?

आत्या : तिसऱ्या अर्थाखाली आहे. ‘कीप ड्राय.’ कागदाच्या खोक्यावरचं.

फोरमन : छत्रीचं चित्र असतं त्याच्याशेजारी. मला इंग्रजीतले दोनच शब्द येतात, आणि ते दोन्ही या कोशात आहेत. सांगतो मी घरी.

आत्या : खोकं हे जिवंत तोंड आहे का, यावर आपण दोन दिवस भांडलो होतो.

फोरमन : मी मोठ्याने वाचलं होतं म्हणून धरलंत शेवटी. बरं, आता मुद्द्यावर या. तीन वाजून दहा मिनिटं झालीत. मूळ बदलायचं की नाही? एक ओळ बदलायला जुळाऱ्याला पाच मिनिटं लागतील. काय लिहायचं ते सांगा.

पुरवणी : लिहा, ‘मूळ माहीत नाही.’

आत्या : लिहायचं नाही.

पुरवणी : का?

आत्या : अकराशे पानं झाली या कोशाची. त्यात ‘माहीत नाही’ हे शब्द मी एकदाही छापलेले नाहीत. माणूस कोश उघडतो तो माहीत करून घ्यायला. त्याच्या हातावर रिकामी वाटी ठेवायची? जिथे खात्री नव्हती तिथे मी महिनामहिना खपलेय, पत्रं लिहिलीत, आणि काहीतरी मिळवलंय. रकाना रिकामा दिसला की माझा हात स्वस्थ बसत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

पुरवणी : ठाऊक आहे. आज सकाळी जरा जास्तच ठाऊक झालं.

आत्या : म्हणजे?

पुरवणी : मी उगाच नाही ग्रंथालयात पळाले, आत्या. सकाळी लवकर उठून ‘कीप’चा खण चाळत होते. म्हटलं, तुझ्या चौदाव्या अर्थाला वाक्य मिळतंय का बघावं, तू खूश होशील. अगदी मागे, पुठ्ठ्याच्या पलीकडे, एक कार्ड मिळालं. हे.

फोरमन : बाई, मी जरा खाली जाऊन येतो.

आत्या : बसा, फोरमन.

पुरवणी : बसा काका, तुमचंही नाव आहे यावर. वाचते हं. ‘शब्द : पुरवणी. प्रथम आढळ : सतरा तारीख, सकाळी, छापखान्याची कागदाची खोली, कागदाच्या खोक्यांवर झोपलेली. वय : दातांवरून चार. सांगणारा : फोरमन.’ शाईने लिहिलंय, तुझ्या त्या नीटनेटक्या अक्षरात. आणि मग ‘मूळ’. तिथे पेन्सिल आहे. ‘चुलतभाऊ, आगबोटीवर.’ खोडलंय. ‘चुलतभाऊ, खाणीत.’ खोडलंय. ‘चुलतभाऊ, चहाच्या मळ्यावर, तापाने गेला.’ हे ठेवलंय. म्हणजे मला मळा मिळाला.

आत्या : ते कार्ड तुला सापडायला नको होतं.

पुरवणी : मी शाळेत निबंध लिहिला होता, आत्या! ‘माझे बाबा आणि चहाचा मळा.’ पहिला नंबर आला होता. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. वर्गातल्या मुली रडल्या होत्या. अजूनही चहाचा पहिला घोट घेताना मी मनातल्या मनात क्षणभर गप्प बसते, त्या माणसासाठी. तो नव्हताच!

फोरमन : तरीच. मला वाटायचं, तुला चहा भाजतो.

आत्या : तू रागावली असशील.

पुरवणी : असशील काय, रागावलेच आहे. कार्ड हातात घेऊन खणाशेजारी जमिनीवर बसले होते कितीतरी वेळ. घरात थांबवेना. मग मनात आलं, जिने माझ्यासाठी एक अख्खा बाप तयार केला आणि मळ्यावर नेऊन तापाने मारला, तिने ‘कीप’चं काय केलं असेल? तशीच उठले आणि ग्रंथालय गाठलं.

आत्या : माझी परीक्षा घ्यायला.

पुरवणी : हो. आणि नापास झालीस तू. काका, तुम्ही सांगा आता. काय झालं होतं?

फोरमन : बाई, सांगू?

आत्या : सांगा. मला धड सांगता येणार नाही.

फोरमन : काय सांगायचं... आदल्या रात्री पाऊस झोडपत होता. कागदाच्या खोलीची मागची खिडकी लागत नसे नीट. सकाळी मी कुलूप काढलं तर नव्या खोक्यांवर ही एवढीशी, मुटकुळं करून झोपलेली. पहिलं काय सुचावं मला? ओरडलो, अगं ऊठ, कागद भिजेल! माणसाच्या आधी कागद दिसला, लाज वाटते अजून. तू उठलीस, रडली-बिडली नाहीस. खोक्यावरच्या छत्रीवर बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागलीस. मग मी वाचून दाखवलं, ‘कीप ड्राय.’ चौकीवाले आले, त्यांनी नाव विचारलं, आईचं विचारलं, गावाचं विचारलं. तू सगळ्यांना एकच उत्तर देत होतीस. कीप.

पुरवणी : मी? मी म्हणाले?

फोरमन : दिवसभर! दुसरा शब्द नाही तोंडात. चौकीवाले म्हणाले, हे काय नाव आहे? बाई वरून खाली आल्या, तुझ्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि कार्ड काढून लिहायलाच लागल्या. पहिला खंड तेव्हा नुकताच छापून झाला होता. म्हणाल्या, खंड संपल्यावर आलीय, ही माझी पुरवणी. तेच नाव पडलं.

आत्या : चौकीत नोंद केली. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, एकदा नाही, सहा वेळा. वर्षभर वाट पाहिली. मग कोर्टाने कागद दिला. तो लोखंडी कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. तुझाच आहे, केव्हाही घे.

पुरवणी : मग खरं का नाही सांगितलंस? मी मोडले असते असं वाटलं तुला?

आत्या : तू नाही गं. तू पाच वर्षांची होतीस. शाळेतून आलीस आणि म्हणालीस, बाई विचारतात, तू कुठून आलीस, तर काय सांगू? मला म्हणता आलं असतं, की बाळा, माहीत नाही. दोनच शब्द होते. तोंडातून फुटेनात. मला भीती वाटली.

पुरवणी : कसली?

आत्या : रकाना रिकामा ठेवला तर दुसरं कोणीतरी येऊन भरेल याची. एक दिवस दारात कोणीतरी उभं राहील आणि म्हणेल, हिचं मूळ मी आहे, द्या परत. दर जाहिरातीनंतर मी आठ दिवस जेवत नव्हते. कोणी आलं नाही की मला आनंद व्हायचा. लेकराला कोणी न्यायला आलं नाही याचा आनंद! त्याची लाज वाटायची, आणि तरी व्हायचा. मग एक चुलतभाऊ लिहून टाकला. मेलेला लिहिला, म्हणजे तोही न्यायला यायला नको.

पुरवणी : आणि ‘कीप’?

आत्या : ‘कीप’ तर तुझा पहिला शब्द. त्यालाही कोणी नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. तू आज अकरा कोश पाहिलेस, मी त्यांतले आठ वीस वर्षांपूर्वी पाहिले होते. प्रत्येकात तेच. ते पान लिहायला बसले की हात थांबायचा. वाटायचं, निदान याला तरी बेवारशी ठेवू नये. म्हणून ‘कदाचित’ काढून टाकला. कोशकाराने करू नये ते केलं. चुकले मी. दोन्हीकडे चुकले.

पुरवणी : अगं, पण तुला कळत कसं नाही! मी ग्रंथालयात रडले नाही, ओरडले. आनंदाने! ज्याचा पत्ता अकरा कोशांना लागला नाही तो शब्द लोक दिवसातून शंभरदा वापरतात, आणि कोणाचं कुठे अडत नाही. डॉक्टरीणबाई दूध घेताना थांबल्या का, की आधी याचे आईबाप दाखवा? हजार वर्षं ठणठणीत चाललाय! मला तर तिथेच वाटलं, बरं झालं मळा गेला. तो माणूस मला कधी आवडलाच नव्हता.

फोरमन : निबंधात तर लई गोडवे गायले होतेस.

पुरवणी : बक्षीस होतं ना, काका! पण आत्या, एक सांग. तो चुलतभाऊच नाही, तर तू माझी आत्या कुठल्या नात्याने?

आत्या : वापराने.

पुरवणी : वापराने?

आत्या : एकवीस वर्षं रोज वापरात आहे. याहून जास्त पुरावा मी कुठल्याच शब्दाला मागितलेला नाही.

पुरवणी : चालेल. पक्कं. राग अजून आहे हं, तो दोन-चार दिवस राहील. आणि या कार्डावरचा मळा खोड, शाईने. तिथे खरं लिही, खाली सही कर, आणि कार्ड मला दे. पण आधी पान!

फोरमन : बाई, साडेतीन वाजले.

(आत्या पेनचं टोपण काढते, ओळ खोडते, वर दोन शब्द लिहिते, आणि कागद डोळ्यांपासून लांब धरून बघते.)

आत्या : ‘मूळ : माहीत नाही.’ दिसतं बरं की. मला वाटलं होतं उघडंबोडकं दिसेल.

पुरवणी : झकास दिसतंय! खाली लिही ना, हजार वर्षांपूर्वी लेखनात अचानक आढळतो, अनेक अर्थांसह.

आत्या : ‘अचानक’ नको. कोशात हुरळून जायचं नसतं.

पुरवणी : आत्या, एकदा! एकाच शब्दासाठी!

आत्या : बरं, लिहिते. ‘अचानक.’ घ्या, झालं. पण पान अजून जाणार नाही, फोरमन. चौदावा अर्थ तसाच आहे. ‘हाती आलेलं परत न देणे, आपल्याजवळच राखणे.’ एवढा रोजचा अर्थ, आणि वीस वर्षांत एक वाक्य कोणी माझ्यासमोर बोललं नाही. नसलं तर अर्थच वगळावा लागेल.

पुरवणी : वगळायचा? सगळ्यांत मोठा अर्थ आहे तो!

आत्या : नियम म्हणजे नियम. आज एक मोडला, दुसरा मोडणार नाही.

फोरमन : मी ऐकलेलं चालेल का?

आत्या : तुम्ही? तुम्हाला तर दोनच शब्द येतात.

फोरमन : म्हणून तर लक्षात राहिलं. तुमच्याच तोंडचं आहे. कोर्टात. मी साक्षीदार होतो, मागच्या बाकावर बसलो होतो, पोरगी माझ्या मांडीवर पेंगत होती. साहेब इंग्रजीत बोलत होते, तुम्ही इंग्रजीत उत्तरं देत होतात, मला ठार काही कळत नव्हतं. मग साहेबांनी चष्मा काढून काहीतरी विचारलं. आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात, टेबलावर हात आपटलात...

आत्या : हात नव्हता आपटला.

फोरमन : आपटला होता. शाईची दौत हलली. आणि म्हणालात, ‘आय विल कीप हर.’

पुरवणी : आत्या...

आत्या : ते नाही चालणार. कोशकाराने स्वतःचं वाक्य घालायचं नसतं.

पुरवणी : कुठे लिहिलंय? नियमांचं पान काढू? बोलणारा कोणीही असो, ऐकणारा दुसरा हवा, आणि त्याला शब्द न् शब्द आठवायला हवा. पहिल्या खंडाचं आठवं पान, तूच लिहिलंयस! घे कार्ड. लिही. वाक्य, ‘आय विल कीप हर.’ ठिकाण, कोर्ट. ऐकणारा, फोरमन.

आत्या : तू लिही. माझं अक्षर आत्ता वाकडं येईल.

पुरवणी : लिहिलं! घ्या काका, पान घ्या, पळा! पळा! नाही, थांबा, एक मिनिट. एक सांगा. तुम्हाला काहीच कळत नव्हतं ना तिथे? मग हे वाक्य कसं कळलं?

फोरमन : सगळं कुठलं कळतंय. त्यातला ‘कीप’ तेवढा ओळखीचा होता, खोक्यावरचा. म्हटलं, चला, पोर कोरडी राहील.